डिसेंबरचं मूल आणि छोटा गट

शंभूचा जन्म ११ डिसेंबर २०१८चा. आपल्याकडे शाळाप्रवेशाचं वय मोजतात ते ३१ डिसेंबरला. त्या दिवशी ३ वर्षं पूर्ण असतील तर नर्सरी, ४ असतील तर छोटा गट, ५ ला मोठा गट आणि ६ ला पहिली. शाळा मात्र भरते जूनमध्ये. त्यामुळे वर्षअखेरीस जन्मलेलं मूल साडेतीन वर्षांचं असतानाच छोट्या गटात जाऊन बसतं आणि त्याच सतरंजीवर त्याच्यापेक्षा दहा-अकरा महिन्यांनी मोठी मुलं बसलेली असतात. त्या वयात अकरा महिने म्हणजे जगलेल्या आयुष्याचा चौथा हिस्सा. पूर्वी ही तारीख ३० सप्टेंबर होती, ती सप्टेंबर २०२० मध्ये ३१ डिसेंबर झाली. जुनीच राहिली असती तर शंभू आपोआप पुढच्या वर्षात ढकलला गेला असता आणि २०२२चा उन्हाळाभर आमच्या घरात धुसफूस चालली नसती. सरकारनं दिली ती मुभा होती. पण मुभा मिळाली की ती घेतलीच पाहिजे असं आपल्या लोकांना वाटतं, आणि नाही घेतली तर शेजारीपाजारी ‘पोराचं वर्ष वाया घालवलं’ म्हणून मोकळे होतात.

त्याचं नर्सरीचं वर्ष मोबाइलवर गेलं होतं. पडद्यावर बाई टाळ्या वाजवत ‘चांदोबा चांदोबा’ म्हणायच्या आणि हा मोबाइल पालथा घालून त्यावरून गाडी चालवायचा. २४ जानेवारी २०२२ पासून राज्यानं पूर्वप्राथमिकसुद्धा उघडायला परवानगी दिली खरी, पण निम्मे पालक घाबरलेले होते, आम्हीही त्यातलेच. साडेतीन वर्षांतली जवळपास दोन वर्षं या मुलानं घरातली चार माणसं आणि बाहेरचे मास्क पाहिले होते. त्यात मार्चमध्ये त्याला बहीण झाली.

शाळेचा निरोप आला की वयात बसतो, तेव्हा जूनपासून छोट्या गटात घेऊ, एप्रिलअखेर पैसे भरा.

माझ्या बायकोचं मत पहिल्या दिवसापासून ठाम होतं. ‘पोराला पोरं हवीत. मी तान्हीला घेऊन बसलेली असते, तू कंपनीत, आई-नाना त्याला टीव्ही लावून देतात. शाळेत जाईल तर चार तास माणसात राहील.’ यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं. माझी धाकधूक वेगळीच होती. शंभू बडबड्या होता, पण ‘क’चा ‘त’ आणि ‘ग’चा ‘द’ करायचा. ताता दाडी घेऊन आले, झाडावर तावळा बसलाय. घरात आम्हाला सगळं कळायचं. भाजीवाल्या मावशींना कळायचं नाही, त्या हसून कोथिंबिरीची काडी त्याच्या हातात द्यायच्या.

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, या चर्चेत आपली भर घातली. त्यांची जन्मतारीख कागदोपत्री १ जून आहे, त्यांच्या बऱ्याच मित्रांचीही १ जूनच आहे. शाळेत घालायला नेलं की गुरुजी जून महिना बघून तारीख टाकायचे. आणि वय कसं ठरवायचे? पोराला सांगायचे, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान पकड. बोटं कानाला लागली की घ्या पाटी. नानांनी शंभूवर लगेच प्रयोग केला. त्याचा हात टाळूपर्यंतच गेला. ‘अजून दोन वर्षं आहेत,’ नाना म्हणाले. बायको चिडली, मी हसलो. पण गुरुजींच्या त्या युक्तीत तथ्य होतं. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं आणि हात आखूड. सहाच्या आसपास ते प्रमाण बदलतं, तेव्हा कुठे हात पलीकडच्या कानाला पोचतो. ती परीक्षा पहिलीची होती. साडेतीनच्या मुलाला शाळेत घालावं असं नानांच्या गुरुजींच्या स्वप्नातही आलं नसेल.

शाळेनं आम्हाला ‘गप्पांसाठी’ बोलावलं. शिक्षणहक्क कायद्यानं प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घ्यायला बंदी आहे, पण तो कायदा ६ ते १४ वयाचा. त्याच्या खालच्या वर्गांत परीक्षेला गप्पा म्हणतात. टेबलावर प्लॅस्टिकची फळं मांडलेली. बाईंनी केळं उचलून इंग्रजीत रंग विचारला. शंभूनं केळं घेतलं, कानाला लावलं आणि ‘हॅलो’ म्हणाला. पुढचा प्रश्न आल्यावर तो टेबलाखाली गेला तो निघेपर्यंत वर आला नाही. बाई तुसड्या नव्हत्या. पण वर्ग पाहू का विचारल्यावर मी जे पाहिलं त्यानं माझं मन खट्टू झालं. चाळीसेक मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावलेली बाकं, भिंतीवर वेळापत्रक, आणि पहिल्याच घटक चाचणीच्या अभ्यासक्रमात चार रेघी वहीत अक्षरं. साडेतीनच्या मुलाच्या मनगटात आठांपैकी निम्मी हाडंही अजून धडपणे तयार झालेली नसतात, कूर्चाच असते बरीचशी. त्याच्या हातात पेन्सिल देऊन दोन रेघांमध्ये राहा म्हणणं कोणाच्या डोक्यातून निघतं कोण जाणे.

‘होईल सवय,’ बाई म्हणाल्या. ‘सगळ्यांना होते.’

मला स्वतःला काहीच ठरवता येईना, म्हणून मी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. मला वाटलं ते ‘मुलगे उशिरा बोलतात’ म्हणतील. त्यांनी आधी विचारलं, ‘कान तपासलेत?’ जन्मल्यावर तपासले होते, पुढे कधीच नाही. त्यांनी ऑडिओलॉजिस्टकडे पाठवलं. तिथे कानात रबरी टोक घालून थोडी हवा सोडतात आणि पडदा किती हलतो त्याचा आलेख काढतात, टिम्पॅनोमेट्री म्हणतात त्याला. मुलाला काही करावं लागत नाही, गप्प बसलं की झालं. डाव्या कानाच्या आलेखाला मस्त टेकडी आली. उजव्याची रेघ सपाट. पडद्यामागे पाणी साचलेलं. सतत सर्दी होणाऱ्या मुलांत हे फार आढळतं आणि बहुतेकदा आपोआप ओसरतं, म्हणून घाई न करता तीन महिन्यांनी पुन्हा बघू असं ठरलं. ऐकू येत होतं, पण कापूस घातल्यासारखं. चार माणसांच्या घरात त्यावाचून अडत नाही. चाळीस मुलांच्या गलक्यात, मागच्या बाकावर, मास्क लावलेल्या बाईंचं बोलणं त्याच्यापर्यंत किती पोचलं असतं?

कोणी मला आज विचारलं की मूल शाळेसाठी तयार आहे का हे बघायला काय करू, तर अक्षरं, अंक, रंग यांच्या आधी मी कान आणि डोळे म्हणतो. ‘लक्ष देत नाही’ असा शेरा बसलेल्या किती मुलांना नीट ऐकूच येत नसेल.

दुसरी गोष्ट म्हणजे ताईकडे गेलो. माझी थोरली बहीण दिंडोरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. त्या एप्रिलमध्ये राज्यभर जिल्हा परिषद शाळांत ‘पहिले पाऊल’ नावाचं शाळापूर्व तयारी अभियान निघालं होतं, शिक्षणात काम करणाऱ्या प्रथम संस्थेच्या मदतीनं. कोरोनात अंगणवाड्या बंद राहिल्यामुळे थेट पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी मेळावे भरवायचे होते. ताई म्हणाली, ‘त्याला घेऊन ये. त्याचं वय नाही, पण नुसता हिंडू दे.’

सकाळी ढोल-ताशा लावून गावातून फेरी निघाली, कागदी टोप्या घातलेली पोरं पुढे, आया मागे. द्राक्षांचा हंगाम सरत आला होता, पेठ-सुरगाण्याकडून कामाला आलेल्या काही मजुरांची मुलंही त्यात होती. शाळेच्या व्हरांड्यात सात टेबलं. पहिल्यावर नोंदणी, मग शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक आणि भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी, आणि शेवटी पालकांना मार्गदर्शन. प्रत्येक मुलाच्या हातात एक विकासपत्र. मूल टेबलापाशी येई, चेंडू झेले, आखलेल्या रेघेवरून चाले, पानं आणि खडे वेगळे करी, चित्रात काय दिसतं ते सांगे, आणि कशाला किती मदत लागली याची खूण पत्रावर होई. शेवटच्या टेबलावर आईला ते पत्र समजावून घरी करायच्या गोष्टींची कार्डं द्यायची. भेंडीच्या चकत्यांचे ठसे काढा, चपात्या मोजायला लावा, असलं सगळं. जूनमध्ये पुन्हा मेळावा आणि पुन्हा तेच पत्र.

मी ताईला विचारलं, ‘यात कोणी कमी पडलं तर?’

‘तर काय? पहिलीत येणारच ते. सहा वर्षांचं झालं की त्याचा हक्क आहे. हे त्याला घ्यायचं की नाही ते ठरवायला नाही, जूनपर्यंत आपण काय करायचं ते ठरवायला आहे.’

शहरातल्या टेबलावरचं प्लॅस्टिकचं केळं मला तेव्हा आठवलं. तिथे शंभू शाळेला चालेल का ते पाहत होते.

शंभू रेघेवरून चालताना दोनदा कोलमडला, त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. मातीच्या गोळ्याचा साप केला. भाषेच्या टेबलावर बाजाराचं मोठं चित्र होतं. ते बघून तो रंगात येऊन सांगू लागला, हातवारे करून, बरंच लांबलचक. टेबलावरच्या ताईंना कळलं नाही. त्यांनी प्रेमानं विचारलं, ‘काय रे बाळा?’ त्यानं पुन्हा सांगितलं. पुन्हा कळलं नाही. मग त्यानं चित्राकडे पाठ केली आणि गप्प झाला. पुढच्या टेबलावर त्यानं तोंडच उघडलं नाही.

हे माझ्या ताईनं लांबून पाहिलं होतं. जेवताना ती म्हणाली, ‘अरे, त्याला काय येतं ते मोजत बसू नकोस. अडलं की काय करतो ते बघ. काही पोरं रडतात, काही मारतात, काही दुसऱ्याला विचारतात. हा गप्प बसतो. गप्प बसणारं पोर वर्गात कोणाच्या लक्षात येत नाही. बाईंना वाटतं, शहाणं आहे.’

खरंच होतं ते. घरी त्याचं कधी अडलंच नव्हतं. तहान लागायच्या आत पेला, चेन लागत नाही असं दिसताच चार हात पुढे. मदत मागायची वेळ त्याच्यावर आलेलीच नव्हती. घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, ‘मग मी काय म्हणतेय? म्हणूनच तर त्याला शाळेत घाल.’ आमचं दोघांचं खरं होतं आणि निर्णय तिथेच अडला होता.

त्यातून वाट निघाली ती नाशिकमधल्या गंगापूर रोडकडच्या एका जुन्या मराठी बालवाडीमुळे. तिथल्या मुख्य बाईंनी तरुणपणी कोसबाडला, बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या अनुताई वाघांच्या संस्थेत प्रशिक्षण घेतलं होतं. अंगणात वाळू, पाण्याचं टाकं, झाडाला टायर. बालवर्गात, म्हणजे तिथल्या नर्सरीत, वीसेक मुलं आणि दोन बाई. त्यांनी शंभूला एकही प्रश्न विचारला नाही. ‘सकाळी आणून सोडा, तुम्ही पायरीवर बसा. थोडे दिवस जाऊ द्या, मग बोलू.’ मी रजा टाकून पायरीवर बसलो. माझ्याबरोबर दोन आज्या आणि एक मावशी, सगळ्यांच्या हातात मोबाइल आणि डोळे दाराकडे.

बाईंनी ज्या गोष्टी टिपल्या त्या माझ्या यादीत नव्हत्या. डबा स्वतः उघडतो, पण झाकण लागलं नाही की तसाच सोडून उठतो. शू आल्यावर सांगत नाही, दाराशी जाऊन उभा राहतो. गोष्ट ऐकताना दहा मिनिटं सहज बसतो, पण उजव्या बाजूनं हाक मारली तर वळत नाही (कानाचं मी त्यांना अजून सांगितलेलं नव्हतं). आणि आजीनं सोडलं तर रडत नाही, बाबांनी सोडलं तर रडतो. ‘घरात बाळ आलंय ना नुकतं?’ त्यांनी विचारलं. ‘मग त्याला शाळेत पाठवणं म्हणजे आपल्याला घराबाहेर काढलं, असं वाटू देऊ नका. निघताना बाळाला टाटा करायला लावू नका. त्यालाच काहीतरी न्यायला सांगा, आणि आल्यावर आधी त्याला घ्या, मग बाळाला.’ हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, ना पुस्तकानं ना डॉक्टरांनी.

त्यांचा सल्ला असा की शाळेत जरूर घाला, पण बालवर्गात. छोटा गट पुढच्या जूनमध्ये, साडेचारचा झाल्यावर.

वयाची कमाल मर्यादा आडवी येते का, हे मी पाहून घेतलं. शिक्षणहक्क कायद्याखालच्या (आरटीई) २५ टक्के राखीव प्रवेशांसाठी राज्यानं जो तक्ता दिला आहे, त्यात नर्सरीला ३१ डिसेंबरपर्यंत ४ वर्षं ५ महिने ३० दिवस चालतात, पहिलीला ७ वर्षं ५ महिने ३० दिवस. आम्ही त्या जागांवर प्रवेश घेत नव्हतो, पण त्या हिशेबात शंभू आरामात बसत होता. आणखी एक मुद्दा देवळाली कॅम्पातल्या मित्रानं काढला. केंद्रीय विद्यालयांनी त्याच वर्षी पहिलीचं किमान वय ५ वरून ६ केलं होतं, तेही ३१ मार्चला पूर्ण हवं. पालक कोर्टात गेले होते आणि एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती याचिका फेटाळली. माझी बायको बँकेत आहे, बदली कुठेही होऊ शकते. घाईनं पुढे काढलेलं मूल बदलीच्या गावी तिथल्या नियमानं मागे बसवलं गेलं तर त्याला ते जास्त लागलं असतं. बायको शेवटी तयार झाली ती या मुद्द्यावर. माझ्या भावनिक भाषणांचा तिच्यावर फारसा परिणाम झाला नव्हता.

पहिल्या शाळेनं ‘मग सीट राहणार नाही’ असं कळवलं. सासूबाईंनी ‘एक वर्षाची फी जास्त’ एवढंच म्हटलं, आणि ते खरंच होतं. मावशीकडचा भाचा नोव्हेंबरचा, तो छोट्या गटात गेला.

जुलैत पुन्हा तपासलं तेव्हा उजव्या कानाचा आलेखही वर आला होता. ‘क’साठी वाचा-उपचार करणाऱ्या मॅडमनी घरचा अभ्यास दिला: उताणं झोपून तोंडानं घोरायचं, मान मागे टाकून गुळण्या करायच्या. जीभ मागे कशी जाते ते त्यातून मुलाला कळतं म्हणे. सगळ्या घरानं गुळण्या केल्या. दिवाळीनंतर कधीतरी शंभूनं खिडकीतून ‘कावळा’ म्हटलं आणि नानांनी त्याला पेढा दिला. बालवर्गात बाईंनी त्याला मदत मागायचं एकच वाक्य शिकवलं होतं, ‘बाई, मला हे जमत नाहीये.’ पुढे काही महिने तो घरात हे वाक्य इतकं वापरायचा की चपलाही आम्हीच घालाव्यात अशी अपेक्षा.

तो पहिलीत गेला २०२५ च्या जूनमध्ये, साडेसहा वर्षांचा असताना. नव्या अभ्यासक्रमाचं ते पहिलं वर्ष. पुस्तकांपेक्षा पालकांच्या ग्रुपवर पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकवण्याच्या निर्णयाचीच चर्चा जास्त होती, महिनाअखेरीस सरकारनं तो निर्णय मागे घेतला आणि ग्रुप पुन्हा डब्यांकडे वळला. वाचन त्याला सहज आलं. गणितात मात्र पहिले दोन-तीन महिने कंटाळला, कारण वीसपर्यंतचं सगळं त्याला येत होतं. वर्गात तो उंच आहे, मागे बसतो, आणि एका लग्नात कोणीतरी त्याच्यादेखत विचारलं, ‘भाचा दुसरीत, हा पहिलीत कसा? नापास झाला का?’ घरी येताना गाडीत त्यानं तेच आम्हाला विचारलं. आम्ही त्याला तारखांचं गणित सांगितलं, त्याला ते पटलं की नाही कळलं नाही. भाच्याचं म्हणाल तर त्याचं उत्तम चाललंय, त्याला काडीचाही त्रास झाला नाही.

म्हणून बायकोचं मत आजही असं आहे की छोट्या गटात गेला असता तरी शंभू निभावून गेला असता. असेलही. तिला खोटं पाडायला त्या जूनमध्ये छोट्या गटात गेलेला दुसरा शंभू माझ्याकडे नाही. धाकटी मार्चची, त्यामुळे तिच्या बाबतीत तारखेचा घोळ नाही. तिचे छोट्या गटाचे फॉर्म पुढच्या महिन्यात निघतील. कान तपासून आणलेत.